ओटीपी गोव्यात, अर्ज बेळगावात

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला घर. धाकटी बहीण बेळगावात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. वडील गोव्यात हॉटेलात कामाला, प्रश्न विचारणारा थोरला भाऊ बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत. दीड एकर भातशेती आहे, उतारा अजून आजोबांच्या नावावर. पीयूसी दुसऱ्या वर्षाची, म्हणजे बारावीची, स्कॉलरशिप 'मंजूर' दिसली, पण पैसे आले नाहीत. घरात बरा फोन एकच. आई म्हणते, फायनान्समधून (बायकांच्या संघाला छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीतून) चाळीस हजार उचलूया आणि लॅपटॉप घेऊया. बहीण म्हणते, मला काही नको, मी कॉलेज सोडून कामाला जाते. यात काय करावं?

दादा, उत्तर आधी देते, कारणं मागून. लॅपटॉप आत्ता घेऊ नका. फायनान्सचं कर्ज तर मुळीच नको. बहिणीला कॉलेज सोडू देऊ नका. आणि तिच्या आधारला तिचा स्वतःचा मोबाइल नंबर याच आठवड्यात जोडून घ्या. या चारांत शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आहे, आणि पहिल्या तिन्हींचा गुंता बराचसा त्यातच अडकलाय.

मी बेळगावात कॉमर्स शिकवते. कॉलेजातलं स्कॉलरशिपचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडं आहे, त्यामुळं पहिल्या पिढीची मुलं मला वर्गात भेटतात त्यापेक्षा त्या टेबलापुढं जास्त भेटतात. डिजिटल दरी म्हटलं की पेपरात एक फोटो ठरलेला असतो: डोंगरावर चढून रेंज शोधणारी मुलं. २०२० मध्ये ते खरंच होतं. कणकुंबी, आमगाव, हेम्माडगा या जंगलपट्ट्यात धो-धो पावसात आजही रेंज गेली की गेली. २०१७-१८ च्या केंद्राच्या नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक चार-पाच घरांत. त्यानंतर फोन बहुतेक घरांत पोचले. पण माझ्या टेबलापुढची अडचण काही कमी झाली नाही, फक्त तिचं रूप बदललं. आता मुलीकडं फोन असतो, निदान संध्याकाळी दोन तास तरी. मात्र नंबर वडिलांच्या खिशात, पासवर्ड ऑनलाइन सेंटरवाल्याच्या वहीत, जमीन आजोबांच्या नावावर आणि बँकेचं खातं शाळेत असताना काढलेलं, आईबरोबर जॉइंट. अर्ज तिचा, पण त्याची एकही किल्ली तिच्या हातात नाही. पैशाची ओढाताण आणि ही दरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला आता वाटतच नाही. पैसे अडतात ते बहुतेक वेळा याच ठिकाणी.

आधी अडकलेली स्कॉलरशिप बघूया. कर्नाटकात मॅट्रिकनंतरच्या बहुतेक शिष्यवृत्त्या एसएसपी, म्हणजे राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवरून दिल्या जातात. तिथं 'मंजूर' दिसणं म्हणजे खात्याने तुमचं नाव यादीत घेतलं, एवढंच. पैसे जातात आधार क्रमांकावर. त्या आधारला कुठली बँक जोडलेली आहे हे एनपीसीआयच्या (बँकाबँकांतले व्यवहार चालवणाऱ्या देशाच्या संस्थेच्या) नोंदीत बघितलं जातं, आणि त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते, जी शेवटी जोडली ती. पोस्टमनकडं एकच पत्ता असावा तसं. तुम्ही अर्जात कुठल्या पासबुकाची झेरॉक्स लावली याला तिथं फारसं महत्त्व नाही.

इथं तीन प्रकारे घोळ होतो. पहिला: बँकेत आधार दिलंय, केवायसी झालंय, म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण केवायसी वेगळं आणि थेट लाभासाठीचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी आधार खात्याला जोडणं, वेगळं. त्याचा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. दुसरा: कधीतरी सिम घेताना किंवा एखाद्या दुकानात कुणीतरी अंगठा घेऊन पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि नोंद तिकडं वळलेली असते. पैसे आलेले असतात, फक्त ते खातं आपलं आहे हेच घरात कुणाला माहीत नसतं. असे पैसे आपल्याच खात्यात सापडलेल्या मुली मी पाहिल्यात. तिसरा: शाळेतलं खातं कित्येक दिवस हात न लागल्यामुळं निष्क्रिय झालेलं.

तुमच्या आईंना हे नवीन नसेल. २०२३ मध्ये गृहलक्ष्मीचे (घरच्या कर्त्या बाईला राज्य सरकार देतं ते) महिना दोन हजार सुरू झाले तेव्हा अर्ध्या गावाने याच कारणासाठी बँकेपुढं रांग लावली होती. आईंना विचारा, त्या वेळी काय केलं होतं. तेच बहिणीच्या बाबतीत करायचं आहे. तिच्या एकटीच्या नावावर खातं, तिचं आधार सीडिंग, आणि मग मायआधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडून नोंद कुठल्या बँकेची दिसते ते तिनं स्वतः बघायचं. नोंद बरोबर दिसली की पीयूसीच्या वर्षाचा अर्ज क्रमांक घेऊन खानापूरच्या बीसीएम, म्हणजे मागासवर्गीय विभागाच्या, ऑफिसात लेखी अर्ज द्या. परत आलेली रक्कम पुन्हा पाठवली जाते असं मी अनेकदा पाहिलंय. नेहमी होतंच असं नाही, पण पोच घेतलेला कागद असला तर विचारायला तोंड राहतं.

आता त्या नंबराविषयी. सीडिंग बघायचं तर ओटीपी, डिजिलॉकर उघडायचं तर ओटीपी, पासवर्ड विसरला तर ओटीपी. तो जातो गोव्याला. तिथं दुपारची गर्दी, वडिलांचा फोन बॅगेत. इकडं माझ्या टेबलापुढं मुलगी उभी, तिच्या मागं रांग. ओटीपीची मुदत संपते. "उद्या येते मॅडम" म्हणून ती जाते आणि उद्या येत नाही, कारण उद्याही हॉटेलात दुपार असणारच. अशा दोन-चार खेपा झाल्या की शेवटची तारीख निघून जाते आणि घरी सांगितलं जातं की यंदा स्कॉलरशिप नाही. वडिलांची यात काही चूक नाही. आधार काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, सगळ्यांना तोच नंबर लागला.

तिची अठरा पूर्ण झाली असतील तर सिम तिच्याच नावावर घ्या. नंबर बदलायला तिनं स्वतः आधार केंद्रावर जावं, थोडं शुल्क आहे. बेळगावला खेप नको असेल तर पोस्टात विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या पोस्टमनकडून हे काम गावात होऊ शकतं. एकदा नंबर लागला की तो जिवंत ठेवा. बरेच दिवस रिचार्ज नाही केला की नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याला दिला जातो. मग तुमच्या बहिणीचे ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाला. त्या सिमसाठी महाग डेटा पॅक नको, नंबर चालू राहील एवढा सगळ्यात स्वस्त पॅक पुरे.

रिचार्जचा हिशेब घरात कुणी करत नाही, म्हणून इथंच करते. जुलै २०२४ मध्ये दर वाढल्यापासून रोजच्या दीड जीबीचा पॅक तीनशेच्या आसपास आहे आणि तो २८ दिवसांचा असतो. आपण महिना म्हणतो, पण वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. एका फोनचे साधारण ३,९०० रुपये. घरात तसे तीन फोन असतील तर पावणेबारा हजार. यात बी.कॉम.च्या मुलीला खरी गरज एकाच डेटा पॅकची आहे, आणि कॉलेजात वायफाय असेल तर तेवढीही नाही.

नावाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या भागात तिचा त्रास जरा जास्तच आहे. आधारवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं मराठी पद्धतीनं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर आडनाव आधी किंवा नुसतं आद्याक्षर. नाडकचेरीच्या (दाखले देणाऱ्या महसूल कचेरीच्या) दाखल्यावर कन्नडवरून आलेलं स्पेलिंग. ज्ञानेश्वर एका कागदावर डी-एन-वाय ने सुरू होतो, दुसऱ्यावर जे-एन ने. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, संगणकाला दोन दिसतात. बहिणीचे सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधार गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. उलटं करायला जाऊ नका. बोर्डाकडून गुणपत्रिका दुरुस्त करून आणणं म्हणजे वेगळंच प्रकरण आहे.

जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आरडी नंबर असतो. पोर्टल तोच मागतं.  उत्पन्नाचा दाखला पाच वर्षांनी संपतो. दहावीला काढलेला पदवीच्या शेवटच्या वर्षात हमखास दगा देतो. आजच तारीख बघून ठेवा. मूळ कागद कॉलेजातल्या ई-अटेस्टेशनच्या (कागद ऑनलाइन साक्षांकित करणाऱ्या) अधिकाऱ्याला दाखवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो, तो अर्जात भरायचा. हे काम कॉलेजात फुकट होतं.

अर्ज ऑनलाइन सेंटरमध्ये भरायला माझी हरकत नाही. गावात ग्राम वन केंद्र असेल तर तिथंही भरता येतो. हरकत आहे ती एका गोष्टीला: सेंटरवाला घाईत स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकतो. वाईट हेतू नसतो, दिवसाला शेकडो अर्ज मारायचे असतात. पण पुढच्या वर्षी त्याने दुकान बदललं की मुलीचं खातं त्याच्याबरोबर गेलं. बहिणीला सांगा, स्क्रीनकडं बघत बस, नंबर माझाच टाका म्हण, पासवर्ड घरच्या वहीत लिही. पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत आहे. आपल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलींना कन्नड वाचता येतं. बहुतेक घरांत ते आईवडिलांनाच येत नाही. म्हणजे या कामात घरातली सगळ्यात जाणती व्यक्ती तीच आहे, आणि नेमकी तिलाच आपण बाजूला बसवतो.

एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यावर ज्याचं जे मत असेल ते असो. पण बेंगळूरच्या पोर्टलवर अर्ज कशाला, म्हणून कंटाळा करणारी घरं मी पाहिलीत. त्यात नुकसान फक्त मुलीचं होतं. ज्या राज्यात आपण घरपट्टी आणि वीजबिल भरतो तिथल्या योजनेत आपला वाटा आहेच.

आता कुठले पैसे मिळू शकतात. तुम्ही जात लिहिली नाही, म्हणून मोघम सांगते. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३-बी गटात येतो; बाकीचे गट दाखल्यावर लिहिलेले असतातच. मागासवर्गीय विभागाची विद्यासिरी योजना सरकारी हॉस्टेलात जागा न मिळालेल्या मुलांसाठी आहे: राहण्या-जेवण्यासाठी सुरुवातीला ठरलेल्या दराने महिना १,५०० प्रमाणे दहा महिने, म्हणजे वर्षाला १५,०००. उत्पन्नाची मर्यादा गटागटाप्रमाणे वेगळी असते आणि अर्ज केला म्हणजे मिळालीच असंही नाही. बहीण रोज ये-जा करून दमत असेल तर आधी बीसीएम हॉस्टेलचाच अर्ज करा. जेवणाची सोय, अभ्यासाला सोबत, आणि शेवटच्या बससाठी लॅबमधून पळायला नको.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी विद्यानिधी योजना २०२१ मध्ये सुरू झाली. पदवीच्या मुलांना वर्षाला ५,००० आणि मुलींना ५,५०० असे दर तेव्हा ठरले. पुढं ती शेतमजूर, विणकर, मच्छीमार, रिक्षा-टॅक्सीचालक यांच्या मुलांपर्यंत वाढवली. चालू वर्षात नेमकं काय सुरू आहे ते पोर्टलवर बघून घ्यावं. यासाठी शेतकरी म्हणून फ्रूट्स या राज्याच्या शेतकरी-नोंदणी पोर्टलवर नोंद लागते, तिचा एफआयडी क्रमांक असतो. तुमच्याकडं उतारा आजोबांच्या नावावर म्हटल्यावर वडिलांची नोंद अडणार. आजोबा हयात नसतील तर वारसा लावून घ्या. भाऊबंदकीत ते काम लांबतं हे मला माहीत आहे, पण वर्षाला साडेपाच हजार तीन वर्षं गेले तर साडेसोळा हजार होतात, आणि पीक विम्यापासून खतापर्यंत पुढची कामंही याच नोंदीवर अडतात. वडील गणपतीला येतात ना? त्या आठवड्यात सुट्ट्या सोडून दोन कामाचे दिवस मोकळे ठेवायला सांगा, एक नाडकचेरीसाठी, एक रयत संपर्क केंद्रासाठी.

पीयूसीला गुण चांगले असतील तर केंद्राची शिष्यवृत्ती एनएसपी, म्हणजे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे. बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांना पदवीसाठी वर्षाला १२,०००. पण ती घेतली तर दुसरी घेता येत नाही, तेव्हा दोन्ही ताडून निवडा. निपाणीकडची घरं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: आई विडी वळत असेल आणि तिच्याकडं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल, तर केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती एनएसपीवरच आहे, साध्या पदवीला ६,००० आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,००० पर्यंत. तंबाखूच्या त्या गावात आया कार्ड ट्रंकेत ठेवतात आणि मुलांना कार्ड आहे हेच माहीत नसतं.

निपाणीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. निपाणीला लागून अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहे. निपाणीची मुलं चालत जातील एवढं जवळ, पण ते कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात. महाडीबीटीला, म्हणजे महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलला, महाराष्ट्राचा अधिवास लागतो. शक्ती योजनेत २०२३ पासून कर्नाटकातल्या मुलींना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, पण राज्याबाहेर जाणाऱ्या प्रवासाला ते लागू नाही. कोल्हापूरला जाणाऱ्या मुलीला तिकीट काढावंच लागतं. तिकडं प्रवेश घेऊ नका असं मी म्हणत नाही. अनेकांचं शिक्षण तिथंच चांगलं झालंय. मात्र प्रवेशाआधी त्या कॉलेजातल्या क्लार्कला एवढं विचारा: आमच्या दाखल्यावर कुठल्या राज्याची कुठली शिष्यवृत्ती मिळते? उत्तर 'बघूया' असं आलं तर मिळणार नाही असं समजून फीचा हिशेब करा. तुमच्या बहिणीचा हा प्रश्न नाही. जांबोटी ते बेळगाव तिला शक्तीमुळं खर्च नाही, ही मोठी सोय समजा.

या सगळ्या योजनांचे आकडे बघून आईंना वाटेल की मग कर्ज फिटेलच की. तिथंच फसायला होतं. फी जून-जुलैत भरायची असते. स्कॉलरशिप येते पुढच्या वर्षी कधीतरी. आलेल्या पैशावर विचार करा, येणाऱ्या पैशावर कर्ज काढू नका. फीसाठी कॉलेजकडं हप्ते मागा. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, स्कॉलरशिपच्या अर्जाची प्रिंट जोडा. बरीच कॉलेजं ऐकतात. न मागणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही, आणि पहिल्या पिढीची मुलं नेमकी मागत नाहीत.

चाळीस हजार, दोन वर्षं, वर्षाला २४ टक्के घटत्या शिलकीवर: महिन्याचा हप्ता साधारण २,११५ रुपये, एकूण भरायचे ५०,७५० च्या आसपास. आईंची गृहलक्ष्मी २,००० आहे. म्हणजे ती अख्खी जाऊन वर शंभर-सव्वाशे घालायचे, चोवीस महिने. गृहलक्ष्मी एखादा महिना उशिरा आली की हप्ता थांबत नाही. कर्जाच्या त्याच संघातल्या दुसऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहतात. वसुलीच्या जाचामुळं २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला कायदा करावा लागला, आणि त्या तक्रारींत आपला जिल्हा मागं नव्हता. हप्त्यावर नवा फोन घेणं त्याच जातीचं. आणि फोनवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपपासून बहिणीला लांब ठेवा. कुणी फसवलंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, लाज वाटून गप्प बसायचं नाही.

बी.कॉम.ला पहिल्या वर्षी लॅपटॉप लागतच नाही, हे मी विषय शिकवणारी म्हणून सांगते. अकाउंट्स वहीतच शिकायचं असतं. टॅली आणि एक्सेल कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. लॅब रिकामी कधी असते ते लॅब असिस्टंटला विचारलं तर तो सांगतो. असाइनमेंट हातानं लिहून फोननं पीडीएफ करता येते. टायपिंग करायचं असेल तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलूनही होतं. लायब्ररियनला एन-लिस्टचं लॉगिन मागा, कॉलेज त्यात असेल तर हजारो ई-पुस्तकं फुकट मिळतात. ग्रामपंचायतीच्या वाचनालयांना आता अरिवु केंद्र म्हणतात, त्यातल्या अनेक ठिकाणी संगणक आणि नेट आलंय. तुमच्या पंचायतीत तो संगणक चालू आहे की कापड घालून ठेवलाय, ते जाऊन बघा. कापड घातलेलं असेल तर ग्रामसभेत विचारा.

म्हणजे आत्ता घ्यायचाच तर लॅपटॉपऐवजी एक साधा स्मार्टफोन घ्या, तिच्या एकटीचा. सेकंडहँड चालेल. कॉलेजच्या नोटिसा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतात, परीक्षेचा फॉर्म विद्यापीठांच्या यूयूसीएमएस पोर्टलवर भरायचा असतो. फोन तुमच्याबरोबर उद्यमबागेत आणि नोटीस दुपारी बाराला, असं झालं की तिचं इंटर्नल (कॉलेजातली अंतर्गत परीक्षा) गेलं. तिसऱ्या वर्षात खरंच गरज पडली, किंवा तिनं अकाउंट्सचं काम धरलं, तर वापरलेला लॅपटॉप बघा. एसएसडी आणि आठ जीबी रॅम असावी, आणि प्रोसेसर विंडोज ११ चालवणारा असावा. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, त्यामुळं बाजारात जुनी मशिनं स्वस्तात पुढं केली जातायत. लिब्रे ऑफिस फुकट आहे, त्यावर तिचं काम भागेल. इंजिनिअरिंग किंवा बीसीएची मुलगी असती तर माझं उत्तर वेगळं असतं: लॅपटॉप हवाच, पण बँकेच्या शैक्षणिक कर्जातून. अभ्यासक्रमाला लागणारा संगणक त्या कर्जात धरता येतो, चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि परतफेड शिक्षणानंतर सुरू होते.

राहिली बहिणीची गोष्ट. ती कॉलेज सोडते म्हणते ते पैशामुळं, असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण पहिल्या सत्रात हे म्हणणाऱ्या मुलींना मी जरा खोदून विचारते, तेव्हा बहुतेक वेळा दुसरंच निघतं. मराठी शाळेतून आलेली, वर्गात इंग्रजीत चाललेलं समजत नाही. इंटर्नल म्हणजे काय, ते कधी असतं, गैरहजर राहिलं तर काय होतं, हे सांगणारं घरात कुणी नाही. शहरातल्या मुलींना हे सगळं आधीच माहीत आहे असं वाटतं, म्हणून विचारायची लाज. त्यातच आई आपल्यासाठी कर्ज काढणार हे कळल्यावर तिला स्वतःचं ओझं वाटायला लागलं असणार. लॅपटॉपची चर्चा तिच्यासमोर थांबवा, बघा काय फरक पडतो. तिला तिच्या वर्गशिक्षकांकडं एकटीला पाठवू नका, पहिल्या वेळी तुम्ही बरोबर जा. फौंड्रीची पहिली पाळी सुटल्यावर येता येईल. आमच्यासारख्यांना पालक क्वचितच भेटतात. भाऊ आला तरी आम्ही त्या मुलीचं नाव विसरत नाही. सुट्टीत, शनिवारी-रविवारी तिनं एखाद्या दुकानाचा किंवा टॅक्स सल्लागाराचा हिशेब लिहिला तर जरूर लिहावा. त्याला सोडणं म्हणत नाहीत, आणि टॅली लॅबपेक्षा तिथं लवकर येतं.

आईंनी संघात नाव घातलं असेल तर पैसे खात्यात पडायच्या आधी नाही म्हणता येतं. पडलेच असतील तर लवकर परत भरा. सूक्ष्म कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्जाचं माहितीपत्रकही कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. मराठीत मागा. ते आणलंत की वर्षाला एकूण किती टक्के पडतात ते काढायला बहिणीसमोर ठेवा, हे तिच्या अभ्यासातच आहे.